दृष्टीआड

ग्रिम्सबीच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
हीटरला लागून जे टेबल आहे
ते शनिवारी माझं असतं.
खिडकीतून गोदी दिसते, बर्फाच्या जुन्या कारखान्याची भिंत,
आणि समुद्रपक्षी, ज्यांना कोणी मोजत नाही.

बोर्निओहून कागदांचे फोटो येतात.
ओल लागलेले, कोपरे कुरतडलेले,
एकावर जळू चिरडल्याचा तपकिरी डाग.
मी ते संगणकात भरते. फुकट.
दर दोन मिनिटांची एक ओळ :
खाते आहे. बसली आहे. फांदी बदलली.
घरटं बांधते आहे.
दिसत नाही.

मागच्या वर्षी सात आठवडे मी तिथे होते.
बिनपगारी रजा, गुडघ्यापर्यंत मोजे, मिठाची पुरचुंडी.
पहाटे चारला घरट्याखाली जाऊन उभं राहायचं
आणि मेलुर उठल्या उठल्या जी लघवी करेल
ती प्लास्टिकवर झेलायची.
तीस वर्षं इथल्या इस्पितळाच्या लॅबमध्ये
हीच बाटली, हेच लेबल;
फरक एवढाच, की इथले पेशंट
खरोखरचे डोक्यावर बसत नाहीत.

भाऊ इचलकरंजीहून फोनवर हसला होता :
"पदरचे पैसे घालून माकडांच्या मागे?"
माकड नव्हे रे, शेपूट नसतं ओरांगउटानला.
"मग तर नात्यातलेच. जेवायला बोलाव."

मेलुर म्हणजे तिकडच्या भाषेत मोगरा.
अंगाला वास मात्र भिजल्या गोणपाटाचा.
एकदाच तिने खाली पाहिलं, बराच वेळ,
जसं आपण बसस्टॉपवरच्या माणसाकडे पाहतो
आणि मग आपली बस येते.

आजचा गठ्ठा सप्टेंबरचा, धुराच्या दिवसांतला.
दलदल जमिनीच्या आतून जळत होती.
अक्षर तुआहचं. त्याचा सात एकासारखा दिसतो,
मला आता सवय आहे.
सहा वाजून दोन मिनिटं : दिसत नाही.
सहा वाजून चार : दिसत नाही.
सहा वाजून सहा.
दुपारचे तीन वाजेपर्यंत, दोनशे सत्तर ओळी,
आणि एकाही ठिकाणी
'वरीलप्रमाणे'च्या दोन रेघा नाहीत.

पुस्तकं लावता लावता ग्लेनिस वाकून बघते.
"पहिली ओळ पकड, खाली ओढ, क्षणात भरेल सगळं."
ठाऊक आहे मला.

दृष्टीआड सृष्टी, म्हणतो आपण, आणि निघून जातो.
तो निघाला नाही.
तोंडाला फडकं बांधून, मान वर करून उभा राहिला,
ती आहे असं धरून,
पोटाला पिल्लू आहे असं धरून,
आणि दर दोन मिनिटांनी जे खरं तेच लिहिलं.

मीही एकेक ओळ टाइप केली.
शंभरच्या आसपास बोटं आखडली.
दोनशेच्या पुढे कुठेतरी एक अक्षर चुकलं,
मागे गेले, सुधारलं.
हीटर बंद झाला, ग्लेनिसने चहा आणून ठेवला,
तोही निवला.

तीन वाजता कागद संपतो.
पुढचा फोटो अजून आलेला नाही.
समासात, आडवं, बारीक अक्षरात :
पेन्सिल बोटाच्या पेराएवढीच उरली.

येताना फ्रीमन स्ट्रीटवर डझनाचा खोका घेतला.
पावसात शाई फुटते, शिसं टिकतं.
पोस्टातल्या बाईने फॉर्म पुढे सरकवला.
आत काय? पेन्सिली.
किंमत? चार पौंड.
विकायला, की भेट?

भेट, म्हटलं.